कलम चार का रद्द केले

टपालाने आले: लॅटिन शब्दकोश, जुना, पुठ्ठा सुटलेला, एक नग, रुपये तीनशे चाळीस. भिंग एक, साठ. टपालखर्च पंचेचाळीस. खर्च मृत्युपत्रापायी झाला, म्हणून इथेच मांडते.

मी, कारकुनाची विधवा, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, डोळे अधू पण डोके ठिकाणावर, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर देवाला स्मरून लिहिते की, आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

त्यात कलम चार असे: 'ज्या अपत्याची देवावर श्रद्धा नाही, त्यास घरात वाटा नाही.' ते धाकटीसाठी होते. ती लॅटिन शिकवते. नऊ वर्षांपूर्वी मी म्हटले, "देवापुढे हात जोड."

"आई, खोटे खोटे जोडू का?"

"मग या घरात येऊ नकोस."

आली नाही. शब्दाची पक्की, माझ्यावरच गेली आहे.

यंदा वकील म्हणाले, "बाई, श्रद्धा म्हणजे काय ते लिहा, नाहीतर मुले कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील." मी धाकटीला कार्ड टाकून विचारले. उत्तर एका ओळीचे: 'क्रेदो हे क्रियापद बघ.'

लॅटिन कोश मागवला, भिंग लावून बघितले. अर्थ: विश्वास ठेवणे, भरवशावर सोपवणे. उगम: फार जुने दोन शब्द, हृदय आणि ठेवणे. आपली श्रद्धाही त्याच मुळाची, असे कोशकार म्हणतात. म्हणजे जिथे काळीज ठेवले, तिथे श्रद्धा. त्या भांडणाच्या आधी हे अंथरुणाला खिळले तेव्हा धाकटी नोकरी सोडून सात महिने त्यांच्या उशाशी होती. मी देवापाशी बसून असे. घास ती भरवी.

तेव्हा माझ्याच कलमाने तिचा वाटा निघतो. घर थोरला व धाकटी यांस निम्मे निम्मे. थोरल्याने कुरकुर करू नये. त्याचे हात जोडलेले असतात, पण डोळे घड्याळाकडे. शिलाई मशीन सुनेला, तेल वेळेवर घालावे. मोठे पातेले जाऊबाईंनी एकोणीस वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेले, ते त्यांनाच राहो. झाकण माझ्याकडे आहे, ते धाकटीला. शब्दकोश माझ्यामागे वकिलांना. तूर्त पुष्कळ पाने वाचायची आहेत.

सही: लिहून देणार, स्वहस्ते
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही. 'पूर्ण शुद्धीत आहेत, नको तितक्या.')
स्थळ: राहते घर, मागची खोली. दिनांक: चौदा मार्च.

नक्कल धाकटीस: वाटा मी गेल्यावर मिळेल, तुझी खोली मात्र आजच झाडली आहे. हात जोडायची अट नाही. कितीजणांचे शिजवू, ते उलट टपाली कळव.