सुनीच्या मेलचं कुलूप

३ जाने. २००४, शिरोळ
सुट्टी संपत आली. आज पानपट्टीवर एकजण म्हणला, "काय पावणं, बायकोबिगर जेवान जात न्हाय म्हणं मस्कतात?" सगळे हसले. बाळूचं काम. मावसभाऊ. मी मेल धाडला की ह्यो आपल्या नेट कॅफेत छापणार, घरी येऊन आईला मोठ्यानं वाचून दावणार. बायको, सुनी, चुलीपाशी मान खाली घालून. मग गल्लीभर.

५ जाने.
मस्कतचा रूममेट शाजीनं दिलेली सीडी बाळूच्या एका मशीनवर टाकली. फुकटचं सॉफ्टवेअर, कसं बनवलंय ते कुणीबी बघावं. सुनीनं लिहून कुलूप लावायचं, माझ्या चावीशिवाय उघडत न्हाय. चावी म्हंजे एक फाईल, ती फक्त माझ्या मस्कतच्या कॉम्प्युटरवर.
बाळू : "माझ्याच दुकानात मलाच कुलूप व्हय रं?"
म्हणलं, ती बसली की तू लांब बसायचं.
सुनी दहावी पास. मी सातवीतनं सुटलेला. एका बोटानं टाईप करती, पण चुकत न्हाय.

८ जाने.
उद्या निघायचं. सुनीला विचारलं, मार्चात मस्कतच्या नोकरीची अजून दोन वर्षांची सही करू, का हितंच ट्रॅक्टर दुरुस्तीचं बघू? आई शेजारीच. म्हणाली, "लिवीन." एवढंच.

२ फेब्रु., मस्कत
कॉम्प्युटरात व्हायरस. विंडोज तसंबी चोरीचंच. सगळं पुसून लिनक्स टाकलं. झकास चालतंय. शाजी ड्युटीवर हुता. थांबायला पायजे हुतं का? मला दम कुठला.

११ फेब्रु.
सुनीचा मेल आला. उघडंना.
शाजी : "चाबी किधर रखा?"
जुन्या डिस्कवर. पुसली की.
फ्लॉपीवर ठेव म्हणून त्यानं सांगितलेलं. मी व्हय म्हणलेलो.
आता कुणीच उघडू शकत न्हाय म्हणतोय. बनवणारासुद्धा. त्यासाठीच तर घेतलं हुतं.

१४ फेब्रु.
किराणा दुकानावर फोन करून सुनीला बोलवून घेतलं. म्हणलं, नवं कुलूप धाडतो, परत लिव.
"एकदा लिवलंय. परत हात धजायचा न्हाय."
मग एकदम मोठ्यानं, "व्हय, म्हस बरी हाय." कोणतरी आलं असणार.

२६ फेब्रु.
नवं कुलूप धाडून झालं. काय न्हाय. सुनी कॅफेकडं फिरकलीच न्हाय म्हणं. शेवटी बाळूला फोन. लाज सोडून विचारलं, ती लिहीत हुती तवा मागं उभा न्हवतास? थोडं तरी?
"तूच म्हणलतास न्हवं, लांब बस? बसलो. आईशप्पथ."
एरवी कुणाचं ऐकत न्हाय गडी.

१ मार्च
सुपरवायझरनं कराराचा कागद दिलाय. परवा सही.
मेल परत काढून बघितला. नुसती अक्षरं नि आकडे. 'या' म्हणायला एवढं लागत न्हाय. 'नका येऊ' म्हणायलाबी न्हाय. स्क्रीन खाली खाली सरकवत गेलो तरी संपंना.
सुनी माझ्याशी एवढं कधी बोललीच न्हवती.
कागद अजून उशाला, बिनसहीचा.