कुनिगुंडेचं लग्न

१४ जानेवारी १६४०
योब्स्टला आज पुरलं. जमीन दगडासारखी गोठलेली — आधी वर जाळ करून सैल करावी लागली. सोळा वर्षांचा संसार. रडू आलं नाही.

१६ जानेवारी
कर्नल रूडिंगर शंभर सैनिक घेऊन आमच्या गढीत उतरला. घोडे प्रार्थनाघरात बांधलेत!

२ फेब्रुवारी
पेरणीसाठी राखलेलं राय धान्य सैनिकांनी दळून खाल्लं. जो आडवा आला, त्या दळणवाल्याला त्याच्याच दारात फासावर टांगलं. त्याची बायको माझ्या पायांशी बसून होती. मी तिला काय देणार? शाल दिली.

९ फेब्रुवारी
वुल्फभावजी आले. दुपारभर कर्नलबरोबर दार लावून बसले. मग जेवताना, मीठ मागावं तशा सुरात सांगितलं — कुनीला कर्नलला द्यायचं. लग्नात गढी त्याला मिळेल, त्याचे सैनिक गाव सोडतील.

माझी लेक कुनिगुंडे अवघी चौदाची. तो पन्नाशीचा, दोन बायका पुरलेला.

मी म्हटलं, ती लहान आहे अजून.

"वहिनी, गाव वाचवायचं की लेक, तेवढं सांगा."

कर्नल हाड चोखत होता. त्यानं मान वर केली नाही.

१० फेब्रुवारी
कुनीला सांगावंच लागलं. तिनं एवढंच विचारलं, "आई, तो मारतो का गं?"

उठून खिडकीशी गेले.

१३ फेब्रुवारी
पाद्रीबाबांकडे गेले. म्हणाले, बाप गेल्यावर चुलत्याचा शब्द, आईचं काही चालणार नाही. तरी त्यांनी माझ्या लग्नाचा करार पेटीतून काढून वाचून दाखवला. योब्स्टनं लिहून ठेवलंय — त्याच्यामागे, मी जिवंत असेतो गढी माझी. म्हणजे भावजी जी देताहेत, ती त्यांची नाहीच!

कागद घेऊन कर्नलच्या खोलीत गेले. एकटीच. त्यानं तो दोनदा वाचला. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

१७ फेब्रुवारी
कुनीला माझ्या बहिणीकडे धाडलं. गाडी नदीपार जाईतो उभी होते. कर्नलनं अडवलं नाही. सैनिक सोमवारी गाव सोडणार, असा शब्दही दिलाय. भावजी माझ्याशी बोलत नाहीत.

१९ फेब्रुवारी
सकाळी लग्न लागलं. नवरी मी.