टँकरचा पहिला नंबर आणि शेजारचा कारभारी

औरंगाबाद,
एप्रिल २०१६, भर दुपार

तीर्थरूप पुंडलिकमामांस,
भाचा वैजनाथ याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींची झोप आणि जालन्याचा नळ, तिघांचीही खुशाली कळवावी. आमचा नळ आता भिंतीला शोभा म्हणून आहे, बाकी आम्ही धडधाकट. फोनच केला असता, पण तुम्हाला हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि मला मोठ्यानं बोलायची सोय नाही, कारण ज्याच्याविषयी बोलायचं तो भिंतीपलीकडेच राहतो. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाकावं. (मामींना दाखवू नका. त्या शैलाला कळवतील, आणि शैला सध्या कोणाच्या बाजूनं आहे ते सांगवत नाही.)

मामा, आडपडदा कशाला ठेवू, मला जळतं. भरपूर जळतं. कारभारी नावाचा हा गृहस्थ मूळचा फुलंब्रीकडचा. शहर वाढत वाढत याच्या बांधापर्यंत गेलं, शेताचे प्लॉट पडले, आणि हा आमच्या शेजारचं जुनं घर विकत घेऊन, पाडून तिथं दुमजली बांधून मोकळा झाला. मी एकतीस वर्षं कारकुनी करून एक मजला चढवला, तो यानं आठ महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत ओलांडला. तेही सोसलं. पण गल्लीतल्या सगळ्या बाया त्याला 'कारभारीभाऊ' म्हणतात. शैलासुद्धा! कैरीचं लोणचं घातलं की पहिली वाटी पलीकडे. मी विचारलं तर म्हणते, अहो, त्यांच्या आशाबाईंनी आपल्याला काकड्या दिल्या होत्या. दिल्या असतील. पण कैरी मी शहागंजातून डोक्यावर ऊन घेऊन आणली होती की नाही?

असो. मुद्दा पत्त्यांचा आहे. आमच्या गल्लीत आठ घरं, आणि दर चौथ्या दिवशी एक टँकर. पहिल्या घराला टाकीभर स्वच्छ पाणी, आठव्याला तळातला तांबडा गाळ. नंबरावरून बायकांची दर टँकरला कडाकडा भांडणं व्हायची. शेवटी मीच तोड काढली. दर रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर आठही घरच्या पुरुषांनी तीन पत्ती खेळायची, पैसा लावायचा नाही, फक्त चिंचोके. संध्याकाळी ज्याच्यापुढं चिंचोके जास्त, त्याचा आठवडाभर पहिला नंबर, आणि तसंच खाली आठव्यापर्यंत. सतरंजी माझी, चिंचोके माझे, पत्तेही माझेच. दोन वर्षं पहिला नंबर कोणाचा असायचा हे तुम्हाला सांगायला नको. शेवटी भाचा कोणाचा! दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही माडीवर बसवून शिकवलेलं काही वाया गेलं नाही. आठवा नंबर बहुतेक कोपऱ्यावरच्या कडुबाचा असायचा. बिचारा भोळा माणूस, त्याला पत्ते धरतासुद्धा येत नाहीत.

हा कारभारी आला आणि सगळं विस्कटलं. गेले सात रविवार पहिला नंबर त्याचा. सातही रविवार, मामा! आणि मी घसरत घसरत आठव्यावर. एवढं नशीब कोणाचं असतं का? लबाडीच असली पाहिजे. हिमांशूला (तो पुण्याला असतो, कॉम्प्युटरवर बसून पगार घेतो) कळवलं, तर त्यानं पोकरमधली फसवणूक कशी ओळखावी याचा तीन पानी कागद छापून धाडला. म्हणाला, बाबा, पोकर म्हणजे तुमच्या तीन पत्तीचाच शिकलेला भाऊ, लबाड्या त्याच. मग मी एकेक कलम लावायला घेतलं.

कागदात म्हटलंय, पत्ता बाहीत दडवतात. मी नियम केला, बाह्यांचे शर्ट बंद, सगळ्यांनी बनियनवर बसायचं. झालं काय, तर कारभाऱ्याचे नांगर धरलेले दंड साऱ्या गल्लीला दिसले आणि माझ्या हाताच्या काड्याही दिसल्या. शैलानं नेमकं तेव्हाच ताक आणलं. डाव त्यानंच जिंकला. पुढचं कलम, वाटणारा चकचकीत वस्तू जवळ ठेवून तिच्यात पत्ते बघतो. कारभाऱ्याची तंबाखूची डबी आरशासारखी लखलखते. ती मी आत नेऊन ठेवायला लावली. तर हा तंबाखूवाचून आणखीच एकाग्र झाला! मग गड्डीच्या तळातून पत्ता काढत असेल म्हणून पिसणारा एक, काटणारा दुसरा, वाटणारा तिसरा असं केलं. तरी तेच. गड्डी मोजली, बावन्न. एक पत्ता कमी नाय की जास्त नाय.

राहिला साथीदार. कागद म्हणतो, जोडीदार कान, नाक, मान खाजवून खुणा करतो. मी वही घेऊन बसलो. कडुबा दर डावाला मान खाजवत होता, आणि हाच कडुबा आठव्यावरून थेट दुसऱ्या नंबरावर चढला होता! मला वाटलं, सापडला चोर. दोन रविवार टिपणं काढली, एकदा खाजवलं तर जोडी, दोनदा खाजवलं तर कलर. काही जुळेना, कारण उरलेले पाच जणही खाजवत होते आणि खरं सांगायचं तर मीही. उन्हाळ्यात चार-चार दिवस अंघोळ नसली की सगळी गल्लीच साथीदार होते. पुढं तर कडुबा खाजवायचाच थांबला, तरीही जिंकतोय. म्हणजे यांनी खूण बदलली, बदमाशांनी! (कागदावर आणखी एक कलम आहे, पत्त्यांच्या पाठी तपासण्याचं. ते मी सोडून दिलं. पत्ते माझे असल्यावर तिथं शंकेला जागाच कुठं?)

आता तुम्हीच सांगा, आठव्या नंबराचं पाणी माणसानं किती दिवस प्यावं? तसं आमच्या घरात अजून डाळ शिजते आणि पाणीही नितळ दिसतं, पण तो शैलाच्या हाताचा गुण. फडक्यानं चार वेळा गाळत असणार माउली. तिच्या तोंडून तक्रार नाही, हेच मला खातं. पूर्वी टँकर आला की ती गल्लीत ताठ मानेनं पाइप ओढत पुढं जायची. आता आत बसून राहते. तिची मान खाली गेली ती माझ्यामुळं, म्हणजे कारभाऱ्यामुळं. म्हणून विनंती की येत्या रविवारी आपण यावं, माझ्याशेजारी बसावं, आणि तुमच्या त्या नजरेनं त्याला चारचौघांत उघडं पाडावं. मामींना नमस्कार.

आपला,
वैजनाथ

ता. क. सकाळच्या एसटीनं यावं. येताना पाण्याचा एक कॅन आणलात तर बरं. आठव्या घरी पाहुणा म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

ता. क. दुसरा. आल्यावर पत्त्यांच्या पाठी निरखून बघू नका. बघितल्या तर चेहरा कोरा ठेवा. एक्क्याच्या कोपऱ्यावर नखाची बारीक रेघ कुठं मारायची हे मला कोणी शिकवलं ते आपल्या दोघांतच राहू द्या.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार इतक्यात कारभारी स्वतः दारात उभा राहिला. हातात औरंगपुऱ्यातून आणलेली कोरी गड्डी, कागदसुद्धा न फोडलेली. म्हणाला, "भाऊ, मी लई वर्सं बैलबाजार केला. शिंगाची घासलेली खूण आंधारात हातानं वळखतो. तुमच्या एक्क्याची रेघ पैल्याच रविवारी दिसली." मी पाकीट पाठीमागं लपवलं. म्हटलं, मग त्याच दिवशी बोंब का नाही मारली? तर म्हणाला, "वयानं मोठे तुमी. चारचौघांत कसं बोलावं? कडुबा दोन वर्सं गाळ प्यायला, मानंला घामोळं फुटलं त्याच्या. म्हनून त्याला जिंकू दिलं आन् तुमाला जरा चव दावावी म्हनलं. वहिनींचा काय गुन्हा? त्यांचे दोन ड्रम मी माझ्याच पाइपानं भिंतीवरून भरून देतो."

शैला आत उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, मामा! सात आठवडे मी त्याच माणसाचं पाणी पीत त्याच्यावर टिपणं काढत होतो. लबाडीत त्यानं मला हरवलं ते एक वेळ गिळलं असतं. पण चांगुलपणातसुद्धा पहिला नंबर त्याचाच असावा? आता तर आधीपेक्षा दुप्पट जळतं, आणि त्यावर ओतायला पाणी तेवढं त्याच्याकडेच आहे.

तेव्हा आपण येऊ नये. फक्त एवढं करावं, रविवारी कोऱ्या पत्त्यांनी खेळायचं ठरलंय, तर पाठीवर खूण नसताना तीन पत्ती कशी खेळतात ते उलटटपाली कळवावं. ते तुम्ही मला कधी शिकवलंच नाहीत.