सादळलेला दाणा

बोर्डी,
४ ऑक्टोबर २०१८

चि. लाहूस,

ताईचा आशीर्वाद. वेळेवर जेवतोस ना, की मशीन सोडवत नाही म्हणून वडापाववरच दिवस काढतोस? बाचा निरोप आला होता. हळवं भात कापून झालं, गरवं अजून उभं आहे. आईचा गुडघा आहे तसाच दुखतो आणि ती आहे तशीच शेतावर जाते. दोघांनाही सांगून उपयोग नाही.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू नुसता "हां, हां" करतोस आणि कारखान्यात तर फोन गेटवरच काढून घेतात. तुझ्या कारखान्याच्या नमुन्याच्या चकत्या झिपरूकाकांच्या जीपमधून तलासरीला परत पाठवायच्याच आहेत, तर त्याच पिशवीत हा कागदही येईल.

मागे तू विचारलंस, लोखंडी टोपलीत थाळी टाकायला शिकायचं काय एवढं? ये एकदा, मग दाखवते. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बागेत आम्ही खांब पुरून त्यांना साखळ्यांच्या टोपल्या लावल्या आहेत. कमीत कमी फेकींत चकती साखळीत अडकवायची, एवढाच खेळ. टोपली जवळ असली तर कुठलीही चकती चालते. लांब असली की धारदार कडेची लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात, आणि नेमकी तीच तुम्ही बनवता आहात. साचा एकच, पण तीन प्रकारच्या प्लॅस्टिकच्या दाण्यांच्या तीन चकत्या निघाल्या तीन स्वभावांच्या. सख्खी भावंडंच जणू.

पांढरी, बादलीच्या प्लॅस्टिकची, हलकी आणि कडक आहे. पहिल्या दिवशी ती सगळ्यांत लांब गेली, शाळेच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. पण घामेजल्या हातातून निसटते. शिवाय आठवडाभर सुरूच्या खोडांवर आपटल्यावर तिच्या कडेला दाते पडले. आता सोडली की उजवीकडे पळत सुटते, परत वळायचं नाव नाही. निळी, पिशव्यांच्या दाण्याची, हातात छान बसते. पण तिला उन्हात विसरलं की संपलं. जयश्रीने तिच्यावर जेवणाचा डबा ठेवला होता. त्या दिवसापासून ती उडत नाही, फडफडते. (जयश्री म्हणजे माझ्या खोलीत राहते ती, शाळेत विज्ञान शिकवते. तिला या खेळात काडीचा रस नाही, पण मोजपट्टी धरते बिचारी.)

आणि नारिंगी. चपलांच्या तळव्याला वापरतात तो दाणा म्हणालास, टीपीयू. लाहू, काय चकती आहे रे! हाताला चिकटून राहते आणि सोडली की एकदम सुटते. समोरून खारा वारा होता तरी डगमगली नाही. आधी जराशी उजवीकडे कलली, मग सरळ गेली, आणि शेवटी डावीकडे वळून वाळूत शांत बसली. मुद्दाम खांबावर आपटली, ओरखडासुद्धा नाही. माल घेणाऱ्या पुण्याच्या पार्टीच्या कागदावर मी टीपीयूला पास लिहून सही केली आहे.

पार्टी म्हणते, प्रत्येक खोक्यावर "बोर्डीच्या क्रीडाशिक्षिकेने तपासलेली" असं छापणार, खाली माझं नाव. माल शाळाशाळांतल्या पोरांच्या हातात जाणार आहे, तेव्हा दर लॉटमधल्या चकत्या मला पाठवायच्या, त्याशिवाय मी सही करणार नाही. शेठला तसं सांगून ठेव.

हा माल वेळेवर गेला की शेठ तुला कायम करणार, हे बाने अख्ख्या उधव्याला सांगून झालंय. चार वर्षं कंत्राटदाराच्या हाताखाली काढलीस. मलाही वाटतं रे, आता तुझं बूड कुठेतरी टेकावं.

तुझी,
ताई

बोर्डी,
२० ऑक्टोबर २०१८

चि. लाहूस,

आशीर्वाद. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला तू येशील म्हणून मुलींनी दार सजवलं होतं. नाही आलास ते बरंच झालं. अक्षर वाकडं आलंय, ओळी उताराला लागल्यात, त्याकडे लक्ष देऊ नकोस. बाकडं डगमगतंय.

तिसऱ्या लॉटच्या तीन चकत्या मिळाल्या. त्यातली एक खांबावर आपटून फुटली. तडकली नाही, फुटली.

म्हणूनच रविवारी फोनवर मी विचारलं की हल्ली दाणा कसा सुकवता. तू म्हणालास, मशीनवर दाणा सुकवायच्या हॉपरचा हीटर जळला, नवा यायला वेळ लागणार, शेठ डोक्याला हात लावून बसला होता, आणि मग तुला युक्ती सुचली. किती खुशीत सांगत होतास. "ताई, मी काय केलं, अंगणात ताडपत्री पसरली नि अख्खा दाणा उन्हात घातला. दाणा तो दाणा! भात सुकतो तर ह्यो का नाय सुकणार? शेठनी पाठ थोपटली, म्हणला, लाहू, तारामां मगज छे." डोकं आहे तुझ्यात, असं इतक्या वर्षांत तुला तिथे कुणी म्हटलं नव्हतं. मग तू विचारलंस, ताई, झोपलीस का. नव्हते झोपले.

जयश्रीने फुटका तुकडा खिडकीशी उजेडात धरला. जाड कडेच्या आत बुडबुडेच बुडबुडे होते. तिचं म्हणणं असं, की भाताच्या दाण्यातलं पाणी ऊन काढून घेतं, पण या दाण्याची गोष्ट उलटी आहे. तो हवेतलं पाणी पितो. आपल्याकडच्या ऑक्टोबरात, समुद्राच्या हवेत, उघड्यावर पसरला की पापडासारखा सादळतो. वरून कोरडा दिसतो, हाताला गरम लागतो, आणि मशीनमध्ये गेला की आतल्या पाण्याची वाफ होते. मग चकती दिसते चकचकीत, पण आतून पोकळ आणि ठिसूळ.

एकीवरून सगळ्यांना नावं ठेवू नयेत म्हणून उरलेल्या दोन जयश्रीने गोणपाटात गुंडाळून दगडावर आपटल्या. दोन्ही फुटल्या. गोणपाटात का गुंडाळल्या ते विचारू नकोस. मी लांब उभी होते.

तेव्हा ताडपत्रीवरच्या दाण्याचा जेवढा माल निघाला तेवढा बाजूला काढ. शेठला सरळ सांग. हीटर आल्यावर पुन्हा करता येईल, फार तर पार्टी चार शब्द ऐकवेल.

या रविवारी मी उधव्याला जाणार नाही, शाळेत काम आहे, असं बाला सांग. आणि तूही दिवाळीच्या आधी इकडे येऊ नकोस. खोलीत रंगकाम चाललंय.

उत्तर लगेच पाठव. झिपरूकाका संध्याकाळी परत येतात.

ताई

बोर्डी,
२६ ऑक्टोबर, शुक्रवार

लाहू,

तुझी चिठ्ठी जयश्रीने वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली, कारण पहिल्यांदा मला वाटलं तीच काहीतरी चुकीचं वाचते आहे.

"रविवारी टेम्पो निघनार. आता थांबवला तर शेठ विचारेल कुणाची युक्ती. तो मला कायम करील का हाकलील? बाला काय तोंड दाखवू? सगळी पोरं काय खांबावरच मारतात? ताई, तू फक्त सही कर."

तर आता ऐक. रंगकाम नाही. बाकडंही डगमगत नाही.

चकती फुटली तेव्हा मी टोपलीच्या शेजारी उभी होते. जयश्रीला मीच म्हटलं, जोरात मार, बघू तरी किती सोसते. तिने मारली. आवाज झाला, फांदी मोडल्यासारखा, आणि माझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं. आधी वाटलं वाळू आहे. मग हाताला ओलं लागलं. जयश्रीने रिक्षातून डहाणूला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पट्टी बांधून तसंच वलसाडला पाठवलं. तिथे ऑपरेशन केलं. डोळ्याला टाके आहेत. त्या डोळ्याने दिसेल की नाही, किती दिसेल, ते सोमवारी पट्टी काढून बघितल्याशिवाय डॉक्टर सांगत नाहीत. मीही आता विचारत नाही.

काल चहा कपाच्या बाहेर ओतला. कप समोर होता, मला दिसतही होता, तरी धार शेजारी पडली. जयश्री फडकं घेऊन आली. तिच्यासमोर रडले नाही. न्हाणीत जाऊन रडले. चकती फेकायचं तर सोडच, साखळी किती लांब आहे हेच मला कळत नाही. मुली खिडकीशी येऊन विचारतात, बाई, कधी येणार?

तुला का सांगितलं नाही? कारण कळल्यावर तू काय करशील ते मला ठाऊक होतं. हातातलं काम टाकून धावत येशील, पाय धरशील, लहानपणी रडायचास तसा रडशील, आणि तू इथे रडत असताना तिकडे माल निघून जाईल. मला वाटलं, तीन चकत्या फुटल्या एवढं माझ्या लाहूला पुरे होईल. माझ्या डोळ्याची भर घालायची गरज पडणार नाही. आणि खरं सांगायचं तर, तुझी पाठ थोपटली गेली होती, तो आनंद मला मोडवेना.

दाणा उन्हात घातलास त्याचा मला राग नाही. हे नीट वाच. आपल्या घरात दाणा ओला असला की खळ्यावर पसरायचा, एवढंच आपण बघत आलो. तुझ्या जागी मी असते तर मीही ताडपत्री शोधली असती, आणि वर पाखरं हाकायला बसले असते. ती चूक होती, आणि ती कुणाच्याही हातून झाली असती. मला राग आहे तो या चिठ्ठीचा. दोन चकत्या दगडावर फुटल्या हे वाचल्यानंतर तू लिहिलंस, सगळी पोरं काय खांबावरच मारतात? हो रे बाबा, मारतात. खेळच तो आहे. टोपली खांबावर असते, आणि जवळ उभं राहून बघायला पोरांना सगळ्यांत जास्त आवडतं.

सही मी करणार नाही. पण सहीवाचून काही अडणार नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. खोक्यांवर माझं नाव आधीच छापून तयार आहे. म्हणून असं कर. उद्या शनिवारी दुपारपर्यंत शेठसमोर उभा राहा आणि सांग, दाणा मी उघड्यावर घातला, माल खराब आहे, टेम्पो भरू नका. माझ्या डोळ्याचं सांगायचं तर सांग, नको असेल तर नको. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी पुण्याच्या पार्टीला फोन लावणार. नंबर जयश्रीने काढून ठेवला आहे. मी फोन केला तरी माल थांबेलच. पण मग तो मी थांबवलेला असेल, आणि पुढची सगळी वर्षं ते आपल्या दोघांनाही माहीत असेल.

शेठ कदाचित हाकलेल. हाकलू दे म्हणणं मला सोपं आहे, माझी नोकरी पक्की आहे, हे तू मनात म्हणशील आणि ते खरं आहे. कायम व्हायला तू किती राबलास ते मी बघितलंय. तुला तिथून काढलं तर मला आत्ता दुखतंय त्यापेक्षा कमी दुखणार नाही. बाला मी सांगेन. तो चिडेल, दोन दिवस जेवणार नाही, मग आई त्याला वाढेल. यातलं काहीही मला तुझ्यापुढे कमी करून मांडायचं नाही. तरीही सांग.

सोमवारी सकाळी वलसाडला जायचं आहे. लाहू, मला भीती वाटते. पट्टी निघेल आणि मी म्हणेन, काढा ना, आणि ते म्हणतील, काढली की. शेजारी आपलं माणूस हवं आहे मला. बाला अजून कळवलेलं नाही, आईला तर नाहीच. तूच हवा आहेस.

टेम्पो थांबवून आलास तर पहाटेच ये, आपण बरोबर निघू. नोकरी गेली म्हणून तोंड लपवू नकोस, तसाच ये. आणि शेठसमोर तोंड उघडणार नसशील तर येऊ नकोस. मी जयश्रीचा हात धरून जाईन.

अजून तरी तुझीच,
ताई