दुसरं ऑपरेशन आणि माझा खंबीरपणा

२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी आज सांगून टाकलं. हिच्या खुब्यात काही वर्षांपूर्वी बसवलेला सांधा सैल झालाय. पुन्हा ऑपरेशन. सावरायला मागच्यापेक्षाही जास्त महिने. ही नुसती पर्सची चेन उघडत-लावत बसली. मी एकदम शांत. उलट डॉक्टरांनाच म्हटलं, तुम्ही काळजी करू नका. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.
मी ड्रायव्हिंग शिकवतो. घाबरलेली माणसं सांभाळणं हा तर माझा धंदाच. शेजारी बसायचं, आवाज चढवायचा नाही, पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर. बायकोच्या बाबतीत वेगळं काय असणार?
संकल्प: खंबीर राहणे.

५ फेब्रुवारी, सकाळ
हिला म्हटलं, नेमकी भीती कसली वाटते ते मोकळेपणानं सांग. म्हणाली, मागच्या वेळी भूल उतरताना लांबून कोणीतरी विव्हळत होतं. तो आवाज आपलाच आहे हे कळायला बराच वेळ लागला.
एवढ्यात मला आठवलं, गाडीच्या टायरची हवा बघायची राहिलीय. खाली गेलो. हवा ठीक होती. वर येईपर्यंत ही शिलाई मशीनवर बसलेली. विषय पुन्हा निघाला नाही. उद्या नक्की.

९ फेब्रुवारी
दुपारी जिना चढताना आवाज. टक. मग पाय घासल्यासारखं. पुन्हा टक. मागच्या वेळी हिचा वॉकर असाच वाजायचा. तो तर मी स्वतः चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलाय. दार उघडलं, आवाज बंद. ही मशीनवर, कपाळावर घाम. हिला काही बोललो नाही. आधीच घाबरलीय बिचारी.

११ फेब्रुवारी
पुन्हा तोच आवाज. वरच्या मजल्यावर रिटायर्ड ग्रंथपाल एकटेच राहतात. सभ्य भाषेत तक्रार करायला गेलो. ते बाहेरूनच येत होते, हातात पिशवी, दाराला कुलूप. म्हणाले, घरात कोणी नव्हतंच. मला बसवून पाणी दिलं. म्हणाले, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय. म्हटलं, ऊन फार आहे हल्ली.

१४ फेब्रुवारी
शिकायला येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आज वळताना इंडिकेटर लावला. टक, टक, टक. मी मोकळ्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला. बाईंनी विचारलं, माझं काय चुकलं? म्हटलं, काही नाही, तुमची तयारी बघत होतो.
संध्याकाळी त्यांचा फोन. दुसरा शिक्षक बघणार आहेत. काही लोकांना शिस्त झेपत नाही.

१७ फेब्रुवारी
बाईंचा तास गेल्यामुळे लवकर घरी. किल्लीनं दार उघडलं. पॅसेजमध्ये चादर पडलेली आणि ही वॉकर धरून स्वयंपाकघराकडून माझ्याच दिशेनं येत होती. ओठ घट्ट मिटलेले. क्षणभर मला वाटलं, मधली सगळी वर्षं झालीच नाहीत, हिचं ऑपरेशन कालच झालंय.
मला भिंतीला टेकावं लागलं. हिनंच स्टूल सरकवलं. म्हणाली, पुन्हा सवय व्हावी म्हणून चालून बघते, तू घरी नसताना. वॉकर दिसला की तुझा चेहरा असा होतो की मलाच तुला धीर द्यावा लागतो. सध्या माझ्याकडे माझ्यापुरताच आहे.
मी समजावलं की माझा चेहराच तसा आहे.
वॉकर माळ्यावरून काढून दिला ग्रंथपालांनी. म्हणजे त्या दिवशी मला पाणी देताना त्यांना सगळं माहीत होतं. या माणसाशी बोलणं बंद.

२० फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. हिनं स्वतःच्या मोठ्या बहिणीला बोलावून घेतलंय. हॉस्पिटलात हिच्याजवळ ताईच राहणार. ताई म्हणाल्या, तुम्ही घरी आराम करा. मी बाहेरचं सगळं मॅनेजमेंट बघायचं ठरवलं. बाहेर नेमकं काय असतं, ते उद्या कळेल.
दुपारी ताई आंघोळीला गेल्या तेव्हा हिनं मला शेजारी बसवलं. म्हणाली, या वेळी चालताच आलं नाही तर? सगळं छान होईल, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते राहूनच गेलं. मग ही बोलत राहिली. जिन्याबद्दल, मशीनच्या पायपट्टीबद्दल, आपल्याला कोणीतरी उचलून ठेवतं त्या लाजेबद्दल. मी उठलो नाही. उठायला कारणच सापडलं नाही.

२१ फेब्रुवारी
ऑपरेशन नीट झालं म्हणतात. पुढचे काही महिने कठीण, हेही म्हणतात.
ताई औषधं आणायला गेल्या होत्या, म्हणून भूल उतरताना जवळ मीच. याच क्षणासाठी मनाची तयारी केली होती. हिचे डोळे अर्धवट उघडले, छतावरून फिरले, कशावरच ठरेनात. घशातून तो आवाज यायला लागला. मी हात धरला. म्हटलं, मी आहे.
हिनं विचारलं, कोण?
पुन्हा सांगितलं, मी.
म्हणाली, बरं. ताईला बोलाव.
निघालो, पण हात सुटेना. हिनं गच्च धरून ठेवला होता. माझा म्हणून की ताईंचा समजून, ते विचारलं नाही.