जांभळा रंग गेला तेव्हा

शहापूर, गुरुवार, १९८५

डोळे मिटले तरी तोच जांभळा दिसतोय. याआधी दोनदा नळीतल्या जांभळ्या रसायनात गुळवेलीचा अर्क घातला, रंग ढिम्म हलला नाही. आजही हलला नसता तर सर संशोधनाचा विषयच बदलायला लावणार होते.

आज अर्क घातला, नेमके तेव्हाच आप्पा प्रयोगशाळेच्या दारात. अनगोळची मंडळी मला बघायला येणार, म्हणून चालता माग सोडून न्यायला आलेले.

"चल गं, उशीर हुतोय."

"थांबा की जरा, आप्पा."

नळीतला जांभळा हळूहळू विरत गेला, सायीसारखा पिवळसर उरला. हवेनं तेल खवट होतं ना, तसलं नासणं हा अर्क थोपवतो, त्याची ही खूण. मी रडत होते का? बहुतेक.

"रंग गेला की गं!" आप्पा घाबरले. सगळा जन्म साड्या विणण्यात गेलेला माणूस.

"जायलाच हवा होता, आप्पा."

त्यांनी नळी उजेडाकडं धरून पाहिली.

घरी पाहुणे म्हणाले, लग्नानंतर हे कॉलेज बंद. मी खाली मान घालून बसलेली. आप्पा शांतपणे म्हणाले, "मग न्हाय जमायचं. पोरीचं काम आत्ता कुठं मार्गाला लागलंय. तेवढा च्या घ्या."

आई अजून चहाच्या कपबशा आपटतेय. मी मात्र जमिनीवर नाहीच.