वाईट बातमी कोणी सांगायची

सर, तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. म्हणजे तुम्ही हयात असतात तरी हे पत्र कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि यात जे लिहायचं आहे ते तिसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानावर जावं असं मला वाटत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आज अचानक माझी आठवण कशी, असं विचाराल. गेल्या शनिवारी मी एक गोष्ट केली. ती ऐकल्यावर माझा कान धरायचा हक्क असलेला दुसरा माणूस मला आठवला नाही. आई आहे, पण ती माझीच बाजू घेईल. तुम्ही कधी माझी बाजू घेतली नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगतो.

मी नेदरलँड्समध्ये असतो, ब्रेडाला. डेल्फ्टला शिकायला आलो आणि इतर सगळ्यांसारखा इथलाच झालो. अर्धा आठवडा एका मालवाहतुकीच्या कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळतो. उरलेला अर्धा आठवडा, तुम्हाला हसू येईल, हॉकी शिकवतो आणि त्याचा पगार घेतो. खडकीच्या लाल मातीवर ज्याला तुम्ही ‘हात चांगला, डोकं बरं, पाय बैलाचा’ म्हणायचात, तोच मी. इथल्या क्लबात आधी लहान मुलींना शिकवलं, मग मोठ्यांना, आणि मागच्या वर्षी सीमेपलीकडच्या एका क्लबाने बोलावलं. बेल्जियममधलं फ्रेंच बोलणारं शहर, बायकांचा व्यावसायिक संघ. इथून गाडीने दीड तास. मी हवेत तरंगत होतो.

अट एकच होती. मुलाखतीत क्लबाचे अध्यक्ष म्हणाले, मैदानावर इंग्रजी चालेल, ते शब्द सगळ्यांना कळतात. पण खेळाडूला बाहेर बसवायचं असेल, हरल्यावर गावच्या वार्ताहरासमोर उभं राहायचं असेल, तर फ्रेंच. तुमच्या आधीचे प्रशिक्षक हुशार होते, पण त्यांच्या मनात आपल्याबद्दल काय आहे हे आमच्या मुलींना शेवटपर्यंत कळलं नाही, असं ते म्हणाले. मी सहा महिन्यांत शिकतो म्हणून सांगून आलो, आणि घरी येऊन चिडचिड केली. काठी आणि चेंडू, त्यात भाषा कुठे आली? बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, “पुण्यात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे म्हणून सगळ्यांशी भांडणारा तूच ना रे?” मी विषय बदलला.

आता खरं सांगायचं तर मी फ्रेंच शिकलोच नाही. पाठ केलं. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. बायकोची नोकरी ब्रसेल्सला होती तेव्हा मुलगी तिथल्या शाळेत होती, त्यामुळे तिचं फ्रेंच पाण्यासारखं वाहतं. मी मराठीत बोललो की तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं डचमध्ये, नाहीतर इंग्रजीत. मध्यंतरात बोलायची वाक्यं मी तिला सांगायचो, ती फ्रेंच करून द्यायची, मी ती देवनागरीत लिहून घ्यायचो आणि गाडीत दीड तास घोकायचो. शाळेत संस्कृतची सुभाषितं मी अशीच पाठ केली होती, अर्थाच्या वाटेला न जाता. संघातल्या मुली खूश झाल्या. वार्ताहराने तर माझ्या उच्चारांचं कौतुक छापलं. माझं एकच होतं, समोरचा माणूस उलट काही बोलला की मी मान डोलवायचो. आपली मान डोलते कशी ते तुम्हाला ठाऊक आहे, तिच्यातून हो की नाही ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. त्यावर वर्ष निभावलं.

तुमची मराठी पण काही फार ग्रेट नव्हती, सर, रागवू नका. तुम्ही तमिळ मुलखातून खडकीच्या कारखान्यात आलेले, सुटी झाली की तसेच शाळेच्या मैदानावर. आमच्या आईबापांनी मुख्याध्यापकांकडे तक्रारसुद्धा केली होती, मास्तरांना धड मराठी येत नाही, इंग्रजी तर नाहीच, मुलांना काय कळणार? तुम्ही ती तक्रार ऐकलीत आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हालाच विचारायला लागलात, ‘ह्याला काय म्हणतो? त्याला काय म्हणतो?’ आम्ही खिदळत खिदळत सांगायचो.

एक संध्याकाळ मला कालची असल्यासारखी दिसते. शाळांच्या स्पर्धेचा अंतिम सामना उद्यावर आहे. आई ओट्याशी पोळ्या लाटते आहे, मी शेजारी बसून बुटांना पांढरा रंग लावतो आहे, आणि तुम्ही दारात. कारखान्याचा शर्ट, हातात डबा. आईने स्टूल पुढे केलं. तुम्ही बसलात, आणि आईकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणालात, “तू उद्या नाही खेळत. तुझा पाय हळू झाला. मी बघितला, खूप दिवस बघितला. तुझा चूक नाही. पण तू नाही.” मी रडायला लागलो. आईला काय करावं कळेना, तिने चहा ठेवला. तुम्ही चहा प्यालात, कप खाली ठेवलात, आणि माझं रडणं संपेपर्यंत हलला नाहीत. मग आई जरा घुश्शातच म्हणाली, “शाळेतल्या पीटीच्या सरांकडून निरोप पाठवला असता तरी चाललं असतं की. इतक्या लांब कशाला आलात?” तुम्ही म्हणालात, “चांगला बातमी कोण पण सांगू दे. वाईट बातमी मी सांगणार.” पुढे शाळेत मी वर्गात तुमची नक्कल केली. ‘तुझा चूक नाही, पण तू नाही.’ पोरं पोट धरून हसली, आणि माझंही दुखणं हलकं झालं.

आता शनिवार. नव्या मोसमाचा संघ त्या संध्याकाळी जाहीर व्हायचा होता. माझ्या संघात बचावाला खेळणारी एक बाई आहे, सगळ्यांत जुनी. खेळाच्या मानधनात भागत नाही म्हणून प्राथमिक शाळेत शिकवते, आणि फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्याच क्लबात खेळते. तिचे पाय आता पुरत नाहीत. तिला वगळायचं हे मी ठरवलं होतं आणि ते बरोबर होतं, त्याची मला आजही शंका नाही. शुक्रवारी सरावानंतर सांगायचं म्हणून मी वाक्यं पाठही केली होती. ती समोर आली, हसली, आणि मी तिला शनिवार-रविवार छान जावो असं म्हणून गाडीत बसलो. ही वाक्यं बोलल्यावर ती काहीतरी विचारणार, आणि तिथे मान डोलवून भागणार नाही, हे मला कळत होतं.

शनिवारी दुपारी बायको बाजारात गेलेली. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होतो. मुलीला म्हटलं, त्या बाई संघात नाहीत, एवढा एक निरोप फ्रेंचमध्ये लिहून दे. तिने लिहून दिला, तोंड वाकडं करून. मी पाठवला. त्याबरोबर त्या बाईंचा फोन. मी घाबरलो. फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि मुलीच्या पुढ्यात सरकवला. हळूच म्हणालो, “तू बोल. सांग तिला, वेग कमी पडतोय.” मुलगी मानेनेच नाही म्हणत होती, पण पलीकडून आवाज येत होता, आणि वाट पाहणाऱ्या माणसाला गप्प राहून ताटकळत ठेवावं असं तिला आम्ही शिकवलेलं नाही. ती बोलली. अगदी बारीक आवाजात, टेबलाकडे बघत. मी सुरी हातात घेऊन उभा.  मग एक प्रश्न आला. मुलगी मला कुजबुजत म्हणाली, “शी इज आस्किंग हू आय ॲम.” मग तिने स्वतःच उत्तर दिलं, त्यात पंधरा हा आकडा मला कळला. पुन्हा एक प्रश्न. “शी इज आस्किंग इफ यू आर हिअर.”

आणि सर, मी हाताने खूण केली, नाही म्हण.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग फोनकडे वळून एकच शब्द म्हणाली, “वी.” हो. तेवढं फ्रेंच मला येतं. तिने फोन माझ्यासमोर ठेवला आणि वर निघून गेली. स्पीकरमधून त्या बाई म्हणाल्या, “कोच?” थोडं थांबून पुन्हा, “कोच?” मी फोन बंद केला.

बायको आल्यावर मुलीने तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती ओरडेल. ती पिशव्या रिकाम्या करत म्हणाली, “आपलं लग्न ठरलं तेव्हाही तुझा होकार सांगायला तुझी मावशीच आली होती. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.”  पोहे कुणी खाल्ले नाहीत.

सोमवारी मी वेळेच्या आधी मैदानावर गेलो. त्या बाई क्लबाच्या सामानाची पिशवी परत द्यायला येणार होत्या. कागद नेला नव्हता, पाठही काही केलं नव्हतं. त्या गाडीतून उतरल्या आणि मी जे सापडेल ते शब्द बोललो. तू नाही. मी ठरवलं. तुझी चूक नाही. शनिवारी मी तिथे होतो. मुलगी बोलली, मी नाही. वाईट केलं. व्याकरणाचं तर वाटोळंच झालं असणार. त्या खूप वेळ, खूप भरभर बोलल्या. रागावल्या होत्या, हे कळायला भाषा लागत नव्हती. मी मान डोलवली नाही. म्हटलं, कळलं नाही, पुन्हा सांगा. तेव्हा त्या थांबल्या आणि पहिलीतल्या पोराशी बोलावं तशा सावकाश बोलल्या. म्हणाल्या, संघातून काढलंत, त्याचं माझं मी बघून घेईन. पण तुमच्या मुलीचा आवाज कापत होता. तिला नंतर काय सांगितलंत?

प्रत्येक शब्द कळला.  पिशवी माझ्या हातात देऊन त्या निघून गेल्या.

आज पुन्हा शनिवार. आठवडाभर घरात मुलगी माझ्याशी विचारलं तेवढंच बोलते. पुढच्या सामन्याची वाक्यं मी तिच्याकडे मागितली नाहीत, तिनेही विचारलं नाही. तिच्याशी बोलायला मला काही शिकावं लागणार नाही. तिला माझी मराठी कळते, मला तिचं गप्प बसणं कळतं. चुकलो, एवढंच म्हणायचं आहे. रोज जिना चढतो, तिच्या दाराशी उभा राहतो, जेवायला चल म्हणतो आणि खाली येतो. त्या परक्या बाईंसमोर मोडकंतोडकं का होईना बोललो, आणि स्वतःच्या लेकीसमोर मूग गिळून बसलोय. लाज वाटते, सर, दुसरा शब्द नाही.

आणि एक राहिलं. हे लिहायला बसण्यापूर्वी मी स्वयंपाकघरात गेलो होतो. बायकोला म्हणालो, माझ्या वतीने तूच सांग ना तिला.